भिंगरीची झडप

काचेच्या धंद्यात बोटातून रक्त आलं म्हणून कुणी ‘कापलं’ असं म्हणत नाही. टाके पडले तर कापलं. त्याच्या अलीकडचं सगळं ओरखडा, आणि ओरखडा कुणी मोजत नाही, सांगत तर नाहीच. पट्टी गुंडाळायची आणि पुढची काच टेबलावर घ्यायची. आमच्या वडिलांची ही रीत, मग माझ्या धाकट्या भावाची, आणि मग त्याच्या मुलीची. मी स्वतः काच कापत नाही. मी दुकानात पुढे बसते, गिऱ्हाइकांची मापं लिहून घेते, आणि पट्ट्यांची गुंडाळी संपली की नवीन आणते. दर आठवड्याला एक. तेव्हा मला तरी कळायला हवं होतं.

मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. ती माझी भाची, पण तिची आई ती चार वर्षांची असताना गेली, त्यामुळे वेण्या घालण्यापासून कान उपटण्यापर्यंतची सगळी कामं माझ्याकडे आली. लग्न मी केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारे आता थकले आहेत. भिंगरी पायाला चाकं लावूनच जन्मली होती. जेवताना उभी, अभ्यासाला उभी, झोपेतसुद्धा अंथरुणाच्या या टोकाकडून त्या टोकाला. सोळाव्या वर्षी तिने बापाच्या हातातला हिरा घेतला, म्हणजे ती काच कापायची लेखणी, आणि एक गोल आरसा नुसत्या नजरेने कापला. मोजपट्टी नाही, दोरा नाही. धाकट्याने तो आरसा तीन वेळा मोजला. मग तिला ओरडला, की विचारल्याशिवाय माझ्या हत्याराला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी नवा हिरा घेऊन आला. विसाव्या वर्षी ती अशी कापत होती की गिऱ्हाइकं दारातूनच विचारत, मुलगी आहे ना, की नंतर येऊ. धाकट्याच्या तोंडावर विचारत, आणि तो गालातल्या गालात हसायचा.

आता तिच्या हृदयाचं सांगते. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावर एक झडप असते, तिला तीन पाकळ्या असतात. भिंगरी जन्मली ती दोनच घेऊन. आठव्या वर्षी मांडीतून नळी घालून, फुगा फुगवून ती झडप रुंद करून दिली होती. तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते की हे कायमचं नाही, मोठी झाली की झडप बदलावी लागेल. आम्ही ऐकलं, मान हलवली आणि बारा वर्षं त्याकडे कानाडोळा केला. दर वर्षी तपासणीला न्यायचो, दोनदा राहून गेलं. मी स्वतःला माफ करत नाही, पण इतरांनी मला बोल लावलेलंही मला चालत नाही.

एका सकाळी ती हात धुता धुता खाली बसली आणि आडवी झाली. अर्धं मिनिट असेल. डोळे उघडले तेव्हा म्हणाली, काही नाही, जरा चक्कर. मग खोदून विचारल्यावर बाहेर आलं की सहा महिने जिना चढताना छातीत दाटतं. सांगितलं का नाहीस, तर म्हणे सांगण्यासारखं काय होतं त्यात. मला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. ठेवून दिली नाही, रिक्षा बोलावली.

सर्जनच्या टेबलावर प्लॅस्टिकचं हृदय होतं, डबा उघडावा तसं उघडणारं. माणूस मऊ आवाजाचा. त्याने सावकाश सांगितलं, आणि माझ्या डोक्यात जे बसलं ते असं. झडप दुरुस्त करायला तिच्या पाकळ्यांत काही उरलेलं नाही, त्या जाड झाल्यात, म्हणजे बदलणं आलं. एक झडप कृत्रिम, धातूची आणि कार्बनची. ती झिजत नाही, बहुतेक जन्मभर चालते, पण तिच्यावर रक्त गोठू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी रोज, मरेपर्यंत. रक्ताची तपासणी सतत. जखम झाली तर रक्त लवकर थांबत नाही, आणि पुढे मूल हवं असेल तर ती गोळी बाळाला आणि आईला दोघांनाही धोक्याची. दुसरी झडप जनावराच्या ऊतींची. तिला अशी गोळी कायमची लागत नाही, पण तरुण शरीरात ती लवकर कडक होते, दहा-पंधरा वर्षांत, कधी त्याआधीही, आणि मग पुन्हा ऑपरेशन. तिसरा एक मार्ग होता, हृदयातलीच तिची दुसरी, चांगली झडप काढून खराब झडपेच्या जागी बसवायची आणि तिच्या रिकाम्या जागी कुणी मरणोत्तर दान केलेली. पण ते काम मोठं, फार थोडे लोक करतात, त्याच्याकडे होत नव्हतं.

धाकट्याने एकच विचारलं. “एकदाच करून सुटेल असं कुठलं?”

त्यावर उत्तर एकच होतं, धातूची. सर्जनने मुलीच्या कामाचं विचारलं, धाकटा म्हणाला, आमच्याच दुकानात असते. भिंगरी म्हणाली, चालेल मला. मग नर्सने फॉर्म दिला. माझं अक्षर चांगलं म्हणून घरातले सगळे फॉर्म मी भरते. त्यात एक प्रश्न होता, कामात किंवा खेळात वारंवार जखमा होतात का. मी लिहिलं, नाही. क्षणभरही थांबले नाही. वर मनात म्हटलं, चाळीस वर्षांत आमच्या दुकानात कुणाचं बोट गेलेलं नाही, आणि त्या ‘नाही’खाली एक सरळ रेघ मारली.

बुधवारी ऑपरेशन ठरलं. सोमवारी सकाळी भिंगरीला दाखल केलं. वॉर्डातली नर्स शीर शोधायला आली, तिने भिंगरीचा हात उलटा केला, मग सुलटा केला, आणि शीर शोधायचं सोडून हातच बघत बसली. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला बारीक पांढऱ्या रेघा. काही जुन्या, दोन-तीन अजून गुलाबी. तिने मोजायला सुरुवात केली. सतरापर्यंत जाऊन थांबली.

“हे काय आहे?”

“काही नाही,” भिंगरी म्हणाली. “ओरखडे.”

नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि मला आजी म्हणाली. एरवी मी तिला तिथेच सुनावलं असतं, मी एकसष्टची आहे आणि माझे सगळे दात माझे आहेत. पण ती पुढे जे बोलली त्याने माझ्या तोंडाला कुलूप लागलं. म्हणाली, गोळी सुरू झाल्यावर यातला एक जरी खोल गेला तर दाबून धरायचं आणि धावत यायचं. मोठी काच निसटून वर्मी लागली तर यायलाही वेळ मिळणार नाही. एवढं सांगून ती दुसऱ्या खाटेकडे गेली.

मी भिंगरीला अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, बरी झालीस की काय करशील. ती म्हणाली, पहिले तीन महिने मोठी काच उचलणार नाही, छातीचं हाड जुळायला हवं ना. मग शाळेच्या खिडक्यांचं काम आहे, ते मीच करणार, बाबांच्या कडा तिरक्या होतात. मी म्हटलं, आणि गोळी? ती हसली. ओरखड्याला कशाला घाबरायचं, म्हणाली. सर्जनने सगळं नीट सांगितलं होतं. आम्ही तिघांनी ऐकलंही होतं. पण जखम हा शब्द ऐकला की आमच्या घरात कुणाच्या डोळ्यांसमोर स्वतःचा हात येतच नव्हता.

मी धाकट्याला व्हरांड्यात गाठलं आणि सांगितलं की मी फॉर्मवर चुकीचं लिहिलंय. तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता. त्याला आधीच कळलं होतं, हे मला त्याच्या मानेवरून समजलं.

“ताई, आता काही बोलू नकोस. परवा होऊन जाऊ दे.”

“आणि मग?”

“मग ती काचेला हात लावणार नाही. मी लावू देणार नाही.”

“तिला विचारलंस?”

तो वळला. “तिच्या आईच्या वेळी सहा दिवस विचारत होतो. या डॉक्टरला विचार, त्या डॉक्टरला विचार. सातव्या दिवशी विचारायला कुणी उरलं नाही.”

त्याचं बोलणं खोटं नव्हतं. मी त्या सहा दिवसांत त्याच्याबरोबर होते. त्याला माझा राग येणार, कदाचित जन्मभर राहणार, हेही मला तिथेच कळलं. पण हे मूग गिळून बसण्यासारखं नव्हतं. बुधवारी जी झडप आत जाणार ती मुलीच्या छातीत जाणार होती, आमच्या नाही, आणि ती माझ्या एका शब्दाच्या भरवशावर निवडली होती. मी सर्जनच्या खोलीबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दोनला बसले ते पावणेपाचला आत बोलावलं. मधे दोन वेळा उठून घरी जावंसं वाटलं.

सर्जन चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, फॉर्म काढला, त्या रेघ मारलेल्या ‘नाही’कडे बघितलं आणि विचारलं, ती हे काम सोडेल का. मी म्हटलं, तुम्हीच विचारा. तो वॉर्डात आला, खुर्ची ओढून तिच्या खाटेशी बसला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी आम्हा दोघांकडे न बघता. भिंगरी स्वतःच्या हातांकडे बघत होती. पेरांवरच्या रेघांवरून तिने एकेक करून अंगठा फिरवला.

शेवटी तिने विचारलं, ती माझीच झडप फिरवून बसवतात, त्यात गोळी लागते का. सर्जन म्हणाला, सहसा नाही. काच कापता येईल? हाड जुळल्यावर, हो. मूल? डॉक्टरांच्या नजरेखाली, हो. पण मग एका झडपेच्या आजारापायी दोन झडपांना हात लागतो, आणि दान केलेली झडपसुद्धा कधीतरी बदलावी लागू शकते. तिने मान हलवली आणि म्हणाली, मला तेच विचारून बघायचंय.

सर्जनने तिथूनच फोन लावला. दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलात एक बाई हे ऑपरेशन करत होत्या. तारीख मिळाली एकोणीस दिवसांनंतरची. सर्जन म्हणाला, एकदा शुद्ध हरपली आहे, त्यामुळे मला हे थांबणं आवडत नाही, पण जिना नाही, ओझं नाही, धावपळ नाही, आणि पुन्हा चक्कर आली तर त्याच क्षणी दाखल, असं असेल तर थांबा. धाकट्याने विचारलं, या एकोणीस दिवसांत काही झालं तर. सर्जनने पुन्हा तेच सांगितलं, जिना नाही, ओझं नाही. त्या क्षणापासून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला.

घर वर, दुकान खाली. भिंगरीची खाट आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीत आणली, मधे पडदा लावला. पुढे मी मापं लिहायची आणि कान मागे. धाकटा टेबलाशी काच कापायचा आणि त्याचेही कान मागे. तिने खोकलं की हिरा थांबायचा. त्याला काही विचारायचं असलं की तो भिंतीला सांगायचा, की दोन फुटी काच संपलीय, आणि मी भिंतीला सांगायचे, की उद्या येईल. गिऱ्हाइकांना वाटलं असेल दोघंही खुळावलेत. मी तारखा मोजत नव्हते असं म्हणायची सोय नाही. मी सकाळी उठून पहिलं तेच करायची, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, बुधवारी झालं असतं तर आज ती उठून बसली असती.

अकराव्या दिवशी दुपारी मी पडद्याकडे बघून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. धाकट्याने हातातली काच टेबलावर ठेवलीच नाही, ती त्याच्या तळहाताला घासून हवेतच सुटली आणि फुटली, आणि तो तिच्या तुकड्यांवरून धावत आत गेला. भिंगरी कानात गाणी घालून भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती दचकून वळली. धाकट्याच्या हातातून रक्त फरशीवर टपटपत होतं.

“बाबा, कापलंय तुम्हाला,” ती म्हणाली.

त्याने हात बघितला. नेहमीचा शब्द त्याच्या तोंडाशी आला होता, मला दिसलं. पण तो बोलला नाही. तिने त्याला खाटेवर बसवलं, आणि तिने पट्टी बांधेपर्यंत तो मुकाट बसून राहिला. चार टाके पडले. मी भिंगरीला गाण्यांवरून इतकं बोलले की शेवटी तीच मला म्हणाली, आत्या, मला दम द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय.

दुसऱ्या शहरातल्या सर्जनबाई उंच आणि तोडून बोलणाऱ्या. मला त्या आवडल्या. त्या म्हणाल्या, तुझी दुसरी झडप चांगली दिसतेय, पण खरं काय ते छाती उघडल्यावरच कळतं. पाकळ्यांना छिद्रं असली किंवा त्या नाजूक असल्या तर मी ती हलवणार नाही. तेव्हा तुला विचारता येणार नाही, म्हणून आत्ताच सांग. तसं झालं तर कुठली बसवू?

धाकटा म्हणाला, धातूची. भिंगरी म्हणाली, जनावराची.

“म्हणजे बत्तिशी-पस्तिशीत पुन्हा हेच सगळं,” धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला होता.

“तेव्हाचं तेव्हा, बाबा. मधली बारा वर्षं माझी आहेत ना?”

तिने सही केली. ती वीस वर्षांची होती, सही तिचीच लागत होती. धाकटा खोलीबाहेर निघून गेला. सर्जनबाईंनी कागद उचलला आणि उद्या सकाळी साडेसातला, एवढंच म्हणाल्या.

सकाळी तिला नेताना ती खाटेवरून धाकट्याला म्हणाली, शाळेच्या खिडक्यांना हात लावू नका. मग दार मिटलं. बाहेर एक लांब बाक होता. एका टोकाला धाकटा, दुसऱ्या टोकाला मी, मधे दोन अनोळखी कुटुंबं. नऊ वाजले, अकरा वाजले. दार उघडलं की सगळा बाक उभा राहायचा आणि कुणीतरी एक कुटुंब पुढे जायचं. बाराच्या सुमाराला आमच्या मधली माणसं निघून गेली, तरी आम्ही आपापल्या टोकाला. मी देवाला काही मागितलं नाही. मी त्याच्यावरही चिडलेले होते.

पावणेतीनला सर्जनबाई आल्या. टोपीचा वळ कपाळावर उमटलेला. ऑपरेशन नीट झालंय, असं आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या, दुसरी झडप हलवण्याजोगी नव्हती, पाकळ्यांना छिद्रं होती. तिने सांगितल्याप्रमाणे जनावराची बसवली. दहा-बारा वर्षं धरून चला, जास्तही जाईल, कमीही जाईल. आणि त्या गेल्या.

जनावराची झडप त्या पहिल्या हॉस्पिटलातही बसवली असती. त्याच आठवड्यात. एकोणीस दिवस आम्ही ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावून काढले ते मिळालंच नाही, आणि पुढचं ऑपरेशन मात्र पदरात पडलं. मी तोंड उघडलं नसतं तर एकदाच होऊन सुटलं असतं. धाकटा हेच मनात म्हणत असणार. तो उठून खिडकीपाशी गेला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तरी मी ऐकून घेतल्या असत्या, आणि मी कुणाचं ऐकून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका माणसाला पाच मिनिटं आत सोडतो म्हणाले. नर्सने हिरवा गाऊन बाहेर आणला आणि अर्थातच धाकट्यापुढे धरला. त्याने तो घेतला, दोन पावलं चालून आला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी मान वर केली तर तो दुसरीकडे बघत होता.

आत भिंगरीच्या घशातली नळी काढलेली होती. ओठ सुकलेले, छातीवर पट्टी, अंगावर नळ्याच नळ्या. मी जवळ गेले तशी तिने डोळे उघडले. आवाज घोगरा झाला होता.

“कुठली?”

वाटेत मी चार गोड वाक्यं जुळवून ठेवली होती. ती म्हटली नाहीत. “जनावराची,” म्हटलं. “तुझी चालली नाही.”

तिने डोळे मिटले. बाजूच्या यंत्रावरचा आकडा वाढला आणि नर्सने माझ्याकडे वळून पाहिलं. मला वाटलं आता मला बाहेर काढणार. मग आकडा हळूहळू उतरला.

“पुढच्या वेळी मला आधी तूच सांग,” भिंगरी म्हणाली. “बाबा गोड बोलतील.”

मी म्हटलं, “अगं, बारा वर्षांनी मी त्र्याहत्तरची असेन.”

“मग काय झालं?” ती म्हणाली, आणि झोपी गेली.

बाहेर आले तर धाकटा दाराला अगदी चिकटून उभा. दार त्याच्या कपाळावर आपटायचंच बाकी होतं. तो म्हणाला, “काय म्हणाली?” वीस दिवसांत माझ्याशी बोललेला हा त्याचा पहिला शब्द.

“आत्याने अजून बारा वर्षं मरायचं नाही, म्हणाली.”

मी त्याला लहानपणापासून ओळखते, तो आता रडणार होता. पण त्याने माझ्या हातातला गाऊन काढून घेतला, माझा दंड धरला आणि मला व्हरांड्यातून चालवू लागला.

“आलोच आहोत तर तुझा बीपी बघून घेऊ,” तो म्हणाला.